लिंबाला हात लावू नका

बायको चिखलीला निघाली त्या सकाळी तिने मला परसात तीन वेळा फिरवलं. पहिल्यांदा सगळं दाखवायला, दुसऱ्यांदा मला काय कळलं ते विचारायला, आणि तिसऱ्यांदा, जीप दारात येऊन हॉर्न वाजवत असताना, फक्त एवढंच सांगायला की लिंबाला हात लावू नका.

"आठ दिवसातून एक डाव पाणी. चार बकेटी. जास्त नाई, कमी नाई. अन् बुडाशी खांदत बसू नका, फुलावर हाये ते."

"हाव."

"अन् लाल कोंबडीले उठवू नका. आजच बसवली. अकरा अंडे हायेत खाली. ती तिची उठते, दाणे खाते, पुन्हा बसते. तुमाले काईच करायचं नाई."

"हाव म्हनलं न."

ती जीपमध्ये बसली तरी खिडकीतून माझ्याकडेच पाहत होती. काहीच न करणं मला जमत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

अठ्ठावीस वर्षं मी धाड ते बुलढाणा जीप चालवली. पहाटेची पहिली फेरी माझी, बाजाराच्या दिवशी सहा-सात फेऱ्या. दिवाळीच्या सुमारास एका वळणावर डावीकडून येणारी मोटरसायकल मला दिसलीच नाही. त्या माणसाने गाडी शेतात घातली म्हणून वाचला. उठून कपडे झटकत तो माझ्याकडे आला, शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली, तर तो म्हणाला, "काका, डोळे दाखवा." डॉक्टरांनी तपासलं. साखरेने डाव्या डोळ्याचा पडदा खराब झालेला. त्याच आठवड्यात जीप विकली.

तेव्हापासून मी घरात होतो. दुपारी खाटेवर पडलो की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. ओट्यावर बसून हॉर्नच्या आवाजावरून कोणाची गाडी गेली ते सांगायचो. डबे उघडून पाहायचो, घड्याळ मागे-पुढे करायचो, बायकोने पुसलेला आरसा परत पुसायचो. एकदा ती वैतागून शेजारणीला म्हणाली, "घरात इंजन चालू ठेवून गाडी उभी केल्यासारखं झालं." तिच्या जाण्याला कारण लेकीचं होतं. लेकीचं दुसरं बाळंतपण, सासू नाही, घरात चार वर्षांचं पोर, आणि आठव्या महिन्यातच पाय सुजायला लागलेले. पण घरातून निघताना बायकोला थोडं हायसंही वाटलं असावं. मी तिला तसं कधी विचारलं नाही.

परस तिचं होतं. मी दिवसभर रस्त्यावर असायचो, त्या वर्षांत तिने एकेक करून ते उभं केलेलं. मेथी, पालक आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे, दोन ओळी वांग्याच्या, एक मिरचीची, मांडवावर वाल. आम्ही जाम म्हणतो त्या पेरूचं झाड, दोन पपया, पहिल्यांदाच मोहरलेलं आंब्याचं रोप. कोपऱ्यात खुराडं, त्यात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. आणि मधोमध लिंबू. शिमगा जवळ आला की ते झाड इतकं फुलायचं की सकाळी मागचं दार उघडताच सगळ्या घरात वास यायचा. हे मला तिच्याकडून ऐकून माहीत होतं. त्या वेळी मी पहिल्या फेरीवर असायचो.

पहिले दोन दिवस मी फार नेटाने वागलो. सकाळी कोंबड्या सोडल्या, दाणे टाकले, वाफ्यांना पाणी दिलं. आमच्या गावात नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून टाक्यातून बकेट बकेट काढून द्यावं लागतं. तरीही सगळं आटोपून घड्याळ पाहिलं तर सव्वाआठ. पुढे अख्खा दिवस पडलेला.

तिसऱ्या दिवशी मी वांग्यांच्या ओळीकडे पाहत बसलो. ओळ वाकडी होती. बायकोने दोरी न लावता रोपं टाकलेली दिसत होती. जीपचा टायर जरा वाकडा बसला तरी मला चैन पडायचं नाही. मी कुदळ घेतली आणि चार रोपं उपटून सरळ रेषेत लावली. फुलावर आलेली रोपं. संध्याकाळपर्यंत त्यांनी माना टाकल्या. त्यांना मी दुप्पट पाणी घातलं, तेव्हा ती पुरतीच बसली.

मग लिंबू. मी हात लावणार नव्हतोच. पण बुडाशी जमीन इतकी टणक दिसत होती की मला वाटलं, पाणी खाली जातच नसणार. थोडं मोकळं करावं. थोडं म्हणता म्हणता मी दुपारभर खांदत राहिलो, फार दिवसांनी अंगाला घाम आला, बरं वाटलं. कुदळीखाली बारीक बारीक मुळ्या तुटत होत्या. त्यांचा पांढरा रंग मला दिसत होता, तरी हात थांबत नव्हता. शेवटी गोल, खोल, सुबक आळं तयार झालं आणि ते पाहून मी त्यात आठ बकेटी पाणी ओतलं.

शेजारच्या वयनी कुडाच्या पलीकडून हे सगळं पाहत होत्या. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, एकट्या राहतात, घरची भाजी धाडच्या बाजारात नेऊन विकतात.

"भाऊजी, काय करून राह्यले?"

"आळं केलं वयनी."

"फुलावर आलेल्या झाडाचं?"

"जमीन दगडासारखी झालती."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी सकाळी मागचं दार उघडलं तर झाडाखालची जमीन पांढरी झालेली. मी वर पाहिलं, फांद्यांवर मधे मधे नुसते देठ. वाऱ्याची झुळूक आली की आणखी फुलं गळत होती. त्याच दुपारी बायकोचा फोन आला.

"लिंबू कसं हाये?"

"मस्त. पांढरंफेक झालं."

हे खोटं नव्हतं, फक्त पांढरं कुठे झालं ते मी सांगितलं नाही.

"लेक कशी हाये?" मी विचारलं.

"बरी हाये. झोपली." ती पटकन म्हणाली आणि फोन ठेवला.

आता राहिली लाल कोंबडी. खुराड्याच्या शेजारी एका जुन्या टोपलीत भुसा टाकून तिला बसवली होती. मी जवळ गेलो की ती पिसं फुगवून गुरगुरल्यासारखा आवाज काढायची. एकवीस दिवस. मला त्यातला एकेक दिवस लांबच लांब दिसत होता. सातव्या दिवशी ती दाणे खायला उठली तेव्हा मी एक अंडं उचललं, आतल्या अंधाऱ्या खोलीत गेलो आणि मोबाईलची बॅटरी खालून धरली. आत लाल बारीक रेषा होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मधे एक ठिपका हलत होता. मी किती वेळ ते धरून उभा होतो कोण जाणे. बाहेर आलो तर कोंबडी टोपलीवर परत येऊन मान वर करून शोधत होती.

त्यानंतर मला नादच लागला. रोज दुपारी एक-दोन अंडी काढायची, पाहायची, परत ठेवायची. ती उठली नाही तर मी तिला बाजूला सारायचो. तिने माझ्या मनगटाला चोच मारून रक्त काढलं, तरी मी सोडलं नाही. एक अंडं हातातून निसटून फुटलं. त्यात जे होतं ते मी जामाखाली पुरलं आणि दोन दिवस खोलीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

बाराव्या दिवशी सकाळी पाहिलं तर कोंबडी टोपलीत नव्हती. उकिरड्यावर इतर कोंबड्यांबरोबर खुशाल उकरत होती. मी तिला धरून आणून बसवलं. ती उठली. परत बसवलं, वरून टोपली पालथी घातली. तिने आतून इतकी धडपड केली की अंडी एकमेकांवर आपटायला लागली. टोपली काढली तशी ती ओरडत कुडावरून पलीकडे गेली. दहा अंडी उघडी पडलेली. मी त्यांच्यावर हात ठेवला. अजून कोमट होती.

तेवढ्यात जावयाचा फोन आला.

"बाबा, आईंचा फोन आलता का तुमाले? वॉर्डात त्यांचा मोबाईल लागून नाई राह्यला. मी पोराले घेऊन घरी आलो, डबा किती वाजता पाठवू ते विचारायचं होतं."

"कोनता वॉर्ड?"

"मी... मंग लावतो, बाबा."

"कोनता वॉर्ड म्हनतो मी?"

मग त्याने सांगितलं. तीन दिवसांपासून लेक बुलढाण्याच्या दवाखान्यात होती. बीपी खाली यायला तयार नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तुम्हाला सांगू नका, असं आईंनीच बजावलेलं.

मी अंगात शर्ट घातला, पायात चपला घातल्या आणि निघालो. टोपली तशीच, खुराड्याचं दार तसंच. कुडाजवळून जाताना वयनींना ओरडून सांगितलं, "लेक दवाखान्यात हाये, बुलढाण्याले चाललो." त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकायलाही थांबलो नाही.

धाडला जीप भरत होती. ड्रायव्हर माझ्याच बरोबरीचा, कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना ओव्हरटेक केलेलं. त्याने माझं तोंड पाहिलं आणि पुढची सीट रिकामी करून दिली. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता, पण त्या बाजूला बसून मी तो रस्ता कधी पाहिला नव्हता. बांधाबांधावर पळस लाल झालेला. गहू कापणीला आलेला. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी चढायचं, कोणीतरी सुट्टे शोधायचं, आणि मला वाटायचं, उतरून पळत सुटावं.

"भाऊ," ड्रायव्हर म्हणाला, "पाय उचला खालून. पत्रा फुटून जाईन."

तेव्हा मला कळलं की मी सबंध रस्ता पायाने दाबत होतो. ब्रेक नव्हे, ॲक्सिलेटर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बायको भिंतीला टेकून खाली बसलेली दिसली. बारा दिवसांत ती वाळली होती. मला पाहिल्याबरोबर उठली.

"कोंबड्या कोनापाशी सोडल्या?"

"कोनापाशीच नाई."

"खुराडं लावलं?"

"नाई."

तिच्या डोळ्यांत राग आला, मग पाणी आलं, मग ती पुन्हा खाली बसली. मीही शेजारी बसलो. आत जाऊन लेकीला पाहायची घाई होती आणि पाहायची भीतीही वाटत होती.

लेकीचा चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजलेला. हाताला सलाईन. मला पाहून हसली.

"बाबा, तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. असाच आलो."

"लिंबू लई फुललं म्हने औंदा. आई सांगत होती."

"हाव," मी म्हणालो. "तू घरी आली की सरबत करू."

बाहेर आल्यावर माझ्याच्याने राहवेना. व्हरांड्यात माणसं जेवणाचे डबे उघडून बसलेली, कोणाचं तरी पोर रडत होतं, आणि त्या सगळ्यांत मी बायकोला सांगून टाकलं. आळं केलं, मुळं तोडली, फुलं गळाली. वांगी उपटली. अंडी रोज काढून पाहिली, एक फुटलं, आता कोंबडी उठून गेली.

ती ऐकत होती. मधे फक्त एकदा म्हणाली, "आनखी?"

"आनखी काई नाई. एवढंच."

"कायले खोटं सांगतलं मंग फोनवर?"

"तू कायले सांगतलं?"

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "तुमाले सांगतलं असतं तर तुमी इथं येऊन बसले असते, डॉक्टरच्या मागं मागं फिरले असते, नर्सशी भांडले असते. मले पोरीकडं पाहू का तुमाले सांभाळू?"

मला राग आला. जागेवरून उठलो, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. तिसऱ्या चकरेला एका नर्सने मला दटावलं, "काका, एका जागी बसा की." बायको माझ्याकडे पाहत होती. हसली नाही, पण तोंड वळवलं. मी येऊन बसलो.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, औषधाने जितके दिवस पुढे ढकलता येईल तितके ढकलू. थांबायचं. दुसरं काही हातात नाही. संध्याकाळच्या जीपला बायकोने मला परत पाठवलं. मी राहतो म्हणालो, तर म्हणाली, "तिकडं पाच कोंबड्या, एक कोंबडा अन् पाणी येन्याचा दिवस हाये उद्या. इथं बसून तुमी माहं बीपी वाढवसान."

घरी आलो तर खुराड्याला कडी. कोंबड्या आत. मोजल्या, लाल कोंबडीसुद्धा परत आलेली, बायकोच्या हिशेबात एक कमी पडली होती एवढंच. टोपली मात्र रिकामी होती. बोका आला असणार, असं मी मनाशी धरलं.

"अंडे माह्याकडं हायेत," कुडाच्या पलीकडून वयनी म्हणाल्या. त्यांची एक काळी कोंबडी दोन दिवसांपासून खुडूक होऊन नुसत्या भुश्यावर बसलेली, तिच्या पोटाखाली त्यांनी दहाही सरकवली होती. "जगले तं जगले. थंडे झालते जरासे."

"पाहू का?"

"नाई." त्या इतक्या ताडकन म्हणाल्या की मी मागे सरकलो. मग जरा मवाळ झाल्या. "पोरगी कशी हाये?"

मी सांगायला लागलो आणि अर्ध्यावरच कुडाची एक काटकी मोडत उभा राहिलो. त्यांनी कुडावरून पाण्याचा तांब्या दिला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फोन हातातून सुटत नव्हता. अंघोळीला जाताना तो खिडकीत ठेवायचो. लिंबाचं आळं मी मातीने परत भरलं, वर पालापाचोळा पसरला, वयनींनी सांगितलं तेवढंच पाणी दिलं. मग करायला काही उरलं नाही म्हणून खुराड्याची जाळी बदलली, आणि ती झाल्यावर कुडाच्या काटक्या नव्याने बांधल्या. एका दुपारी एकाएकी वावटळ उठली आणि एक पपई बुडातून मोडली. तिची कच्ची फळं घेऊन मी गावात घरोघर वाटत फिरलो. निमित्त होतं, चालायला मिळालं.

सोळाव्या दिवशी सकाळी अकराला बायकोचा फोन आला. बीपी एकदम चढलं, ऑपरेशनला नेलंय. पुढचा फोन दीड तासाने आला. त्या दीड तासात मी परसाला किती फेऱ्या घातल्या सांगता येणार नाही. वाफ्याच्या बांधावर पायवाट पडली होती. वयनी त्या दिवशी बाजारात जायच्या होत्या, भाजीची पाटी भरलेली, पण गेल्या नाहीत. कुडाला धरून उभ्या राहिल्या.

मुलगी झाली. दोन किलोला शंभर ग्रॅम कमी. लेक शुद्धीवर. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, पण रडली, जोरात रडली, असं बायको मला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि तीच रडत होती.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. काचेपलीकडे एक मूठभर जीव, नाकाला नळी. उजवा डोळा काचेला लावून मी पाहिलं. तिला काढून हातात घेऊन पाहावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याबरोबर मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बाविसाव्या दिवशी वयनींनी हाक मारली. काळ्या कोंबडीच्या पंखाखालून चार पिल्लं डोकावत होती. उरलेली सहा अंडी फुटली नाहीत. वयनींनी ती उचलून नेली, मला दाखवली नाहीत. आठवड्याने एक पिल्लू घारीने नेलं, माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडेपर्यंत ती आभाळात होती. तीन राहिली.

बायको पावणेदोन महिन्यांनी घरी आली तेव्हा चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. बाळ पेटीतून निघून आईजवळ आलेलं, वजन वाढत होतं, आणि चिखलीला जावयाची आत्या मदतीला आली होती. पिशवी ओट्यावर ठेवून ती थेट मागच्या दाराने परसात गेली. मी मागोमाग. मेथी फुलून वाळून गेलेली. वांग्याच्या चार जागा रिकाम्या. तिने सगळं पाहिलं, मग लिंबाखाली वाकून आत शिरली, काटे चुकवत फांद्या वर केल्या.

"इकडं या."

आतल्या फांद्यांवर, बोराएवढे हिरवे लिंबू. आठ, नऊ... पुढे मला नीट दिसेनात. ती मोजत गेली. सतरा.

"दरसाली पोतं भरते," ती म्हणाली.

"माहीत हाये."

"सतरा तं सतरा." ती बाहेर आली, केसांतला पाला काढला. "पोरगी रविवारी येते बाळाले घेऊन. सव्वा महिना झाला की आणा म्हनलं डॉक्टरनं. पुढची खोली झाडली पायजे."

"झाडली."

"खाट?"

"उन्हात टाकली दोन डाव. झोळीले दोरी आनली. पंख्याचं बटन बदललं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रविवार यायला अजून पाच दिवस होते.

"बसा आता जरा," ती म्हणाली. "मी चहा ठेवते."

मी जामाखालच्या दगडावर बसलो. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. झोळी टांगायची कडी मी कालच ओढून पाहिली होती, पण माझ्या वजनाने पाहिली नव्हती. मी उठलो आणि पुढच्या खोलीत गेलो.